१८ चा १२ झाला, हे कोण आणि कसं ठरवतं?

प्रश्न विचारणारी: आईचा_संशय

मुलगा तेरा वर्षांचा आहे. मागे त्याने बालाट्रो नावाचा पत्त्यांचा गेम मागितला होता. त्याच्या पानावर युरोपातल्या पेगी या संस्थेचा लाल चौकोन होता, १८ चा. मी 'नाही' म्हटलं. दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. मग काही महिन्यांनी तो स्क्रीन समोर धरून आला. गेम तोच, पत्ते तेच, पण चौकोन आता नारिंगी आणि आकडा १२. "आई, मी तेव्हापण बरोबर होतो."

मी शोधलं. गेममध्ये काहीही कापलेलं नाही. प्रकाशकाने अपील केलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आकडा बदलला. एवढंच कळलं. माझे प्रश्न असे:

गेम बदलला नाही, मग बदललं काय? आधीचे लोक चुकले होते का? असं अपील ऐकायला बसतं कोण? सिनेमाचं असंच असतं का, म्हणजे 'ए' चा 'यूए' होतो तेव्हा आत नक्की काय चालतं? आणि शेवटचा, स्वार्थी प्रश्न: मला उलट दिशेने अपील करता येतं का? "हा आकडा कमी लावलाय, वाढवा" असं?

कायद्याची भाषा फेकू नका, प्लीज. ती मी पण गुगलून वाचली आणि झोपले.

---

उगाच_बोलतो

ताई, उत्तर एका ओळीत: ज्याचा वकील महाग त्याचा आकडा कमी. बाकी सगळं नाटक.

---

कात्री_आणि_चिकटपट्टी

मी वकील नाही. एकतीस वर्षं एडिटिंग टेबलावर काढली. त्यातली पहिली दहा-बारा तर खऱ्या फिल्मवर, जेव्हा कट म्हणजे खरोखर कात्री आणि चिकटपट्टी. सर्टिफिकेटच्या वेळी कागद तयार करायचं काम कुणालाच नको असायचं, म्हणून ते माझ्या गळ्यात पडायचं. कुठल्या रीळमध्ये कितव्या फुटाला काय आहे, हे मला पाठ असायचं. त्यामुळे अपिलाच्या टेबलाची माझी बाजू सांगतो.

आधी 'उगाच' भाऊंना. कुलीचं उदाहरण घ्या, ऑगस्ट २०२५. रजनीकांतचा सिनेमा, मागे प्रचंड पैसा. 'ए' मिळालं, निर्माते मद्रास उच्च न्यायालयात गेले, म्हणाले यूए द्या, केजीएफ आणि बीस्टमध्ये याहून जास्त मारामारी होती, त्यांना दिलंत ना? अर्ज फेटाळला. सेन्सॉर बोर्डाची बाजू अशी होती की परीक्षण समिती आणि पुनर्परीक्षण समिती, दोन्ही ठिकाणी सगळ्यांचं 'ए' वर एकमत होतं. काही कट केले असते तर यूए मिळालं असतं, तुम्ही कट नाकारून 'ए' स्वीकारलंत आणि सिनेमा लावलातही. वकील स्वस्त नसणार. तरी हरले.

आता ताईंचा प्रश्न. बदललं काय? चौकोनाखालचा प्रश्न बदलला.

बालाट्रोचंच बघा. त्यात पैसे लागत नाहीत, बाजी नाही, खेळाडू एक रुपया हरत नाही. पण त्यात पोकर या जुगारी खेळातले हात, म्हणजे पत्त्यांच्या जुळण्या आहेत: जोडी, फ्लश, फुल हाउस. पहिल्या फेरीत प्रश्न होता, "हा गेम जुगारात उपयोगी पडेल असं काही शिकवतो का?" शिकवतो. पोकरचे हात शिकवतो. नियमाप्रमाणे तेवढ्यावर १८. त्यात कुणी डुलकी काढली नव्हती. नियमाचा सरळ अर्थ लावला तर तोच आकडा येत होता. तक्रार मंडळाने, म्हणजे पेगीच्या बाहेरच्या तज्ज्ञांच्या गटाने, दुसरा प्रश्न विचारला: "हे शिकवलेलं ज्या रूपात येतं, ते पोकरच्या टेबलासारखं आहे का?" तिथे जोकर गुणाकार करतात, पत्ते काचेचे होतात, एका हाताला लाखो गुण पडतात. मंडळ म्हणालं, हात समजावलेत हे खरं, पण कल्पनेतल्या या गोष्टी त्याची धार कमी करतात. १२.

म्हणजे माझ्या मते तुमचा मुलगाही बरोबर आणि तेव्हा तुम्हीही बरोबर. त्याला हे सांगू नका.

कुठल्याही देशातलं अपील समजून घ्यायचं तर मी तीन गोष्टी बघतो. दार कोण ठोठावू शकतं, हे एक. दुसरं, आतली माणसं सगळं नव्याने बघतात की फक्त पहिल्यांची चूक शोधतात. आणि तिसरं, बहुमत किती लागतं. यातली मधली सगळ्यात महत्त्वाची, आणि तिच्याकडेच कुणी बघत नाही.

अमेरिकेत सिनेमाचं अपील मंडळ वितरक आणि थिएटरवाल्यांच्या प्रतिनिधींचं असतं. ते सिनेमा बघतात, दोन्ही बाजू ऐकतात आणि गुप्त मतदान करतात. पण त्यांच्यापुढचा प्रश्न "तुम्ही कोणतं रेटिंग दिलं असतं?" असा नसतो. प्रश्न असतो "पहिलं रेटिंग उघडउघड चुकीचं आहे का?" आणि ते फिरवायला दोन तृतीयांश मतं लागतात. २०१२ मध्ये शाळेतल्या दादागिरीवरचा बुली हा माहितीपट 'आर' वरून (सतराच्या आतल्यांना सोबत मोठं माणूस लागतं) खाली आणायचा होता, म्हणजे ज्यांच्यावर तो काढलाय त्या मुलांना एकट्याने बघता यावा. एका मताने हरले. पुढे काही शिव्या काढून त्यांनी पीजी-१३ मिळवलं, म्हणजे पालकांना फक्त सावधगिरीची सूचना. पुढच्याच वर्षी फिलोमेना, त्यात तीच एक इंग्रजी शिवी दोनदा. नियम म्हणतो एकापेक्षा जास्त वेळा आली की 'आर', पण त्याच नियमात फट आहे: संदर्भ किंवा उच्चारायची पद्धत बघून अपवाद करता येतो. अपील जिंकले, पीजी-१३.

फट नियमाच्या आत होती, हे लक्षात घ्या. "आमचा सिनेमा महान आहे" म्हणून कुणी जिंकत नाही. एक गोष्ट सांगतो, नाव-गाव वगळून. एका दिग्दर्शकाने पुनर्परीक्षणासाठी अकरा पानी पत्र लिहिलं होतं. त्यात वास्तववाद होता, ग्रीक शोकांतिका होती, त्याच्या आजीची आठवण होती. मी ते बाजूला ठेवलं आणि दीड पानाचा तक्ता केला. दृश्य इतक्या मिनिटाला सुरू. चाकू दिसतो इतके सेकंद. चाकू आणि शरीर एकाच चौकटीत: एकदाही नाही. रक्त जमिनीवर, जखमेवर नाही. मुलगा खोलीत आहे पण पाठमोरा. पत्र लिहिणारा माझ्याशी आठवडाभर बोलला नाही. पण समितीने सिनेमा पुन्हा पाहिला तेव्हा माझा तक्ता हातात घेऊन पाहिला, आणि आकडा उतरला. समितीला तुमचं मन नको असतं, तिला तिच्या फाइलमध्ये लिहिता येईल असं वाक्य हवं असतं.

ब्रिटनमध्ये किंग्ज स्पीचला आधी १५ मिळालं होतं, शिव्यांमुळे. वितरकाने फेरविचार मागितला. तोतरेपणा घालवण्याच्या उपचारात वाचा-उपचारक राजाला मुद्दाम शिव्या द्यायला लावतो, शिवी कुणाच्या अंगावर फेकलेली नाही. १२ए झालं (मोठ्यांबरोबर बाराखालच्यांनाही चालतं), एकही शब्द न कापता. त्याच शिव्या अमेरिकेत 'आर'. सिनेमा तोच, वर्ष तेच, २०१०.

आणि गेममध्ये एक गोष्ट आहे जी सिनेमात नाही: यंत्रणा, म्हणजे खेळाडूने काही केलं की गेम त्याला काय फळ देतो. ऑस्ट्रेलियाने मार्च २०२१ मध्ये डिस्को एलिसियमच्या नव्या आवृत्तीला वर्गीकरणच नाकारलं, म्हणजे विक्री बंद. कारण तिथला नियम: अमली पदार्थ घेतल्यावर गेम बक्षीस देत असेल तर चालणार नाही. आणि या गेममध्ये नशा केली की काही कौशल्यं वाढतात. पुनर्विलोकन मंडळाकडे गेले. तिकडे मंडळ सगळं पहिल्यापासून नव्याने ठरवतं, आधीचा निर्णय जणू झालाच नाही. त्यांनी गेमचा हिशोब शेवटपर्यंत लावला: कौशल्य वाढतं, पण तब्येत आणि मनोबल ढासळतं, सारखी नशा केली तर खेळाडूचंच नुकसान होतं. म्हणजे गेम नशेपासून परावृत्तही करतो. मे महिन्यात एकमताने १८+. बक्षीस आहे की शिक्षा, हे फक्त दृश्य बघून कळत नाही, खेळून बघावं लागतं. मला एडिटर म्हणून याचा हेवा वाटतो. आमच्याकडे चाकूची फक्त लांबी मोजता येते.

जेवून येतो. भारताचं नंतर लिहितो, ते जरा वेगळं आहे.

---

उगाच_बोलतो

कुलीचं मान्य. पण चार लोक खोलीत बसून ठरवणार, ते त्यांच्या मूडवरच ना?

---

कात्री_आणि_चिकटपट्टी

मूड असतोच. मॅनहंट २ चं ऐका, मला आवडणारी केस आहे. गेम नाही आवडत, केस आवडते.

२००७. ब्रिटनच्या बोर्डाने या गेमला कुठलंच प्रमाणपत्र द्यायला नकार दिला. कंपनी व्हिडिओ अपील समितीकडे गेली. तिथे सात जण. चार विरुद्ध तीन, कंपनी जिंकली. बोर्ड उठून उच्च न्यायालयात गेलं. न्यायाधीशांनी गेम चांगला की वाईट यात डोकंच घातलं नाही. ते म्हणाले, कायद्यात 'हानी होऊ शकते का' असा प्रश्न आहे आणि तुम्ही 'हानी होते हे सिद्ध झालंय का' असा घेतलात. परत जा, बरोबर प्रश्न विचारा. मार्च २००८ मध्ये समिती परत बसली. नवा प्रश्न, नवी चर्चा. निकाल? चार विरुद्ध तीन. कंपनीच जिंकली, गेमला १८ मिळाला.

आता याला मूड म्हणायचं की सातत्य, तुम्ही ठरवा.

भारताबद्दल. आपल्याकडे सिनेमाला आधी परीक्षण समिती, ज्याला आम्ही 'ईसी' म्हणतो. पटलं नाही तर पुनर्परीक्षण समिती, 'आरसी'. इथवर सगळं बोर्डाच्या घरातच. त्याच्यावर पूर्वी अपील न्यायाधिकरण होतं, १९८३ पासून. निवृत्त न्यायाधीश आणि बाहेरचे सदस्य. लिपस्टिक अंडर माय बुरखाला २०१७ मध्ये बोर्डाने प्रमाणपत्रच नाकारलं होतं, ते न्यायाधिकरणाने काही कट सुचवून 'ए' दिल्यावर सुटलं. एप्रिल २०२१ मध्ये हे न्यायाधिकरण रद्द झालं. आता आरसीनंतर थेट उच्च न्यायालय.

याने फरक पडला तो माझ्यासारख्यांना. न्यायाधिकरणात सिनेमाची भाषा चालायची, "साहेब, हा कट मारला तर पुढच्या सीनचा आवाज लटकतो" म्हटलं तर समजायचं. आता तेच म्हणणं याचिकेच्या परिच्छेदात बसवावं लागतं आणि तारखेची वाट बघावी लागते. मोठ्या बॅनरला जमतं. उडता पंजाबला २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रिलीजच्या चार दिवस आधी निकाल दिला होता. बोर्डाच्या तेरा बदलांपैकी एकच कट ठेवला, वर सूचनापाटी बदलायला लावली. (तिथे भांडण वयाचं नव्हतं, 'ए' दोन्ही बाजूंना मान्य होतं.) छोट्या निर्मात्याची रिलीजची तारीख एकदा गेली की गेली, तो कट मारून मोकळा होतो. म्हणून आपल्याकडची बरीचशी 'अपिलं' कुठे नोंदलीच जात नाहीत. ती एडिटिंग टेबलावर रात्री दोनला निकालात निघतात.

---

कलम_पाच

मी वकील आहे, ताई, आणि झोपवणार नाही असा प्रयत्न करते. काकांनी बहुतेक बरोबर लिहिलंय. तुमच्या शेवटच्या प्रश्नाला मात्र कुणी हात लावला नाही.

भारतात अपिलाचा हक्क फक्त प्रमाणपत्रासाठी अर्ज करणाऱ्याला आहे. सिनेमॅटोग्राफ कायदा, कलम ५सी. प्रमाणपत्र नाकारलं, फक्त 'ए' दिलं, फक्त 'यूए' दिलं, कट सांगितले, अशा वेळी तीस दिवसांत. पालक या यादीत नाही. तुम्हाला 'आकडा वाढवा' म्हणायचं असेल तर रिट याचिका हाच मार्ग, आणि बोर्डाने एकदा प्रमाणपत्र दिलं की न्यायालयं सहसा त्याला धक्का लावत नाहीत. सरकारलाही वरून हात घालायची मोकळीक नाही, सर्वोच्च न्यायालयाने शंकरप्पा खटल्यात २००० साली तेच सांगितलं.

ऑस्ट्रेलियात बाहेरच्यांना दार किलकिलं आहे. २००६ मध्ये भिंतीवर ग्राफिटी काढण्यावरच्या एका गेमला प्रमाणपत्र मिळालेलं होतं. क्वीन्सलँडच्या स्थानिक संस्थांनी तक्रार केली, महाधिवक्त्यांनी पुनर्विलोकन मागितलं आणि गेमवर बंदी आली. म्हणजे अपिलाने आकडा वरही जातो.

ओटीटीचं वेगळं. तिथे प्लॅटफॉर्म स्वतःच यूए १३+ किंवा १६+ लावतो, त्यामुळे तक्रार त्याच्याच तक्रार अधिकाऱ्याकडे करता येते. २०२१ च्या नियमांत त्याला पंधरा दिवस दिलेत. तिथे तुम्ही पालक म्हणून लिहू शकता.

आणि एक लक्षात ठेवा. २०२३ च्या दुरुस्तीने आलेले यूए ७+, १३+, १६+ हे थिएटरच्या दारात अडवण्यासाठी नाहीतच. कायदाच म्हणतो की ते पालकांच्या मार्गदर्शनासाठी आहेत. पालक सोडून कुणी ते लागू करायचे नाहीत. म्हणून १६ चं १३ करा यासाठी फारसं कुणी न्यायालयात जात नाही. भांडण 'ए' च्या उंबऱ्यावर होतं, कारण तिथे मूल दारातून परत जातं आणि टीव्हीचे हक्कही अडकतात.

काका, अब्बास कसे विसरलात?

---

कात्री_आणि_चिकटपट्टी

विसरलो नाही, जेवण आडवं आलं.

ताई, हे ऐकाच, कारण आपल्याकडची सगळी इमारत या एका वयाच्या भांडणावर उभी आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांनी एक माहितीपट केला होता, अ टेल ऑफ फोर सिटीज. दोन रीळं, सोळा मिनिटं. चार महानगरांतली श्रीमंती आणि गरिबी समोरासमोर. त्यात मुंबईच्या वेश्यावस्तीची काही दृश्यं. त्यांना 'यू' हवं होतं, मिळालं 'ए'. पुनर्परीक्षणातही 'ए'. तेव्हा पुढचं अपील थेट केंद्र सरकारकडे जायचं. सरकार म्हणालं, ती दृश्यं कापा, 'यू' घ्या. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले.

खटला चालू असताना सरकारने एकही कट न मागता 'यू' देऊन टाकलं. दुसरा कुणी असता तर पेढे वाटून घरी गेला असता. अब्बासांनी याचिका रुंद केली: मुळात आधी तपासायचा अधिकारच का असावा? सप्टेंबर १९७० मध्ये निकाल लागला. पूर्वतपासणी घटनेत बसते, वयाप्रमाणे वर्गीकरणही बसतं. थोडक्यात, मोठा मुद्दा ते हरले. पण त्याच खटल्यात सरकारने कबूल केलं की अपील सरकारने ऐकू नये, न्यायालयाने किंवा स्वतंत्र न्यायाधिकरणाने ऐकावं. ते न्यायाधिकरण यायला १९८३ उजाडलं. सोळा मिनिटांच्या फिल्मला तेरा वर्षं.

---

खिळा_ठोकणारा

मी एकट्याने मोबाइल गेम बनवतो. ताई, फोनवरच्या गेमचे आकडे बहुतेक वेळा माणूस ठरवतच नाही. आयएआरसी, म्हणजे वेगवेगळ्या देशांच्या रेटिंग संस्थांची एकत्र संघटना, तिची प्रश्नावली असते: रक्त आहे का, वास्तव वाटतं का, खेळाडू एकमेकांशी बोलू शकतात का, खरे पैसे लागतात का. आम्ही टिका मारतो, आकडा तिथल्या तिथे पडतो. भारतात गेमसाठी स्वतःचं रेटिंग मंडळ नाही, म्हणून प्ले स्टोअरवर आपल्याला त्याचा सर्वसाधारण आकडा दिसतो.

माझ्या एका गेममध्ये टोमॅटो फुटतात. मी 'रक्त' वर हो म्हटलं, कारण लाल होतं. आला की मोठा आकडा! मी अपिलाची तयारी केली, प्रमाणपत्राच्या ईमेलमध्ये त्याची लिंक असते. मग बायको म्हणाली, टोमॅटोला रक्त असतं का? प्रश्नावली पुन्हा भरली, आकडा उतरला. याला अपील म्हणत नाहीत, याला अक्कल म्हणतात.

---

आईचा_संशय

सगळ्यांचे आभार. काका, तुमचं उत्तर मुलाला वाचून दाखवलं (तो बरोबर होता ती ओळ गाळून, पण त्याने मागून वाचली). त्याचा उलटा प्रश्न: मग खरोखरचं स्लॉट मशीन असलेला गेम, पण त्यात उडणाऱ्या मांजरी टाकल्या, तर तोही १२ होणार का?

---

कात्री_आणि_चिकटपट्टी

झालाय की! लक बी अ लँडलॉर्ड. घरमालकाला भाडं देण्यासाठी स्लॉट मशीन ओढत बसायचं. बालाट्रोबरोबरच अपिलात होता, त्यालाही १८ वरून १२ मिळालं. त्याच वेळी पेगीने सांगितलं की जुगाराच्या चित्रणासाठी ते आता जास्त बारीक निकष करणार आहेत. म्हणजे तुमच्या मुलाचा प्रश्न त्यांनाही पडलाय.

त्याला म्हणावं, तक्ता कर. कुठल्या मिनिटाला मशीन दिसतं, कुठल्या मिनिटाला मांजर.